जॅक, चार्मियन आणि एक गळकी बोट

मित्रांनो, आपलं कॉलेज रायगड जिल्ह्यात आहे म्हटलं की हॉस्टेलवर नवीन आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, इथून बीच किती लांब? मग त्यांना सांगावं लागतं की बाबांनो, समुद्र तिकडे अलिबाग-मुरुडला. आपल्या कर्जत-खालापूरच्या वाट्याला आलेत ते डोंगर, बोगदे, भाताची खाचरं आणि जुलैतला धो धो पाऊस!

तसं बघितलं तर समुद्राशी आपलं लांबचं का होईना, नातं आहे. कर्जतची उल्हास नदी शेवटी वसईच्या खाडीकडे जाते आणि खोपोलीची पाताळगंगा धरमतरच्या खाडीला मिळते. म्हणजे खोपोलीच्या पॉवर हाऊसमधली टर्बाइन्स फिरवून बाहेर पडलेलं पाणीसुद्धा एक दिवस समुद्र गाठतं. आपण मात्र लोकल गाठतो आणि सबमिशनची तारीख गाठतो...

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमचं मिनी-प्रोजेक्ट. आमच्या ग्रुपने पाण्यावर चालणाऱ्या छोट्या टर्बाइनचं वर्किंग मॉडेल केलं होतं. प्रेझेंटेशनच्या दिवशी ते सगळीकडून गळलं. शाफ्टजवळून, जॉइंटमधून, जिथून गळायला नको तिथूनही. सगळी लॅब ओली झाली आणि आम्हाला पुढची तारीख मिळाली. ग्रुपमध्ये दोन मतं पडली. एक, हे फेकून द्यायचं आणि पैसे भरून तयार मॉडेल आणायचं. दुसरं, हेच दुरुस्त करायचं. त्या दिवशी डोकं शांत करायला लायब्ररीत बसले होते, तेव्हा जॅक लंडनच्या बोटीविषयीचं पुस्तक हाताला लागलं.

जॅक लंडनशी माझी ओळख कॉन्व्हेंटमधली. शाळेत त्याची ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ ही कुत्र्याची गोष्ट संक्षिप्त रूपात वाचली होती. पण या माणसाने आपल्या बायकोबरोबर शिडाच्या बोटीतून पॅसिफिक महासागरातली बेटं पालथी घातली हे मला माहीतच नव्हतं. तीच गोष्ट आज सांगते आहे. माझं मराठी थोडं कच्चं आहे, सांभाळून घ्या.

जॅकचा जन्म १२ जानेवारी १८७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला झाला. घरची गरिबी. लहानपणीच पेपर टाकणं, डबाबंद मालाच्या कारखान्यात राबणं हे सगळं त्याच्या वाट्याला आलं. पंधराव्या वर्षी त्याने उसने पैसे घेऊन एक छोटी शिडाची बोट विकत घेतली आणि रात्रीच्या अंधारात लोकांच्या राखीव जागेतली कालवं चोरायला लागला! पुढे तोच मासेमारीचे कायदे मोडणाऱ्यांना पकडणाऱ्या गस्तीच्या पथकात गेला. १८९३ मध्ये, म्हणजे सतराव्या वर्षी, तो सीलची शिकार करणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून जपानच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आला. १८९७ मध्ये सोनं शोधायला बर्फाळ क्लोंडाइकला गेला. सोनं मिळालं नाही, पण गोष्टी मिळाल्या. १९०३ मध्ये ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ आली आणि तो जगप्रसिद्ध झाला.

चार्मियन त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. जन्म १८७१ चा. आई लहानपणीच गेली, म्हणून मावशीने वाढवलं. ती शॉर्टहँड आणि टायपिंग शिकली होती, स्वतः नोकरी करून कमवत होती, आणि त्या काळातल्या बायका एका बाजूला पाय सोडून घोड्यावर बसत तेव्हा ही सरळ मांड टाकून घोडा पळवत असे. जॅकचं पहिलं लग्न मोडलं होतं, त्याला दोन मुली होत्या. त्यावरून पेपरवाल्यांनी बराच गदारोळ केला. १९ नोव्हेंबर १९०५ ला जॅक आणि चार्मियनचं लग्न झालं. तो तिला मेट म्हणायचा, म्हणजे जहाजावरचा सोबती. हे नुसतं लाडाचं नाव नव्हतं हे पुढे कळेलच.

त्याआधीच्या उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून जोशुआ स्लोकमचं पुस्तक वाचलं होतं. स्लोकमने १८९५ ते १८९८ या काळात छोट्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. मग आपण का नाही? असं म्हणता म्हणता सात वर्षांचा प्लॅन ठरला. हवाई, ताहिती, सामोआ, ऑस्ट्रेलिया, मग आशिया, मग युरोप... बोटीचं नाव ठेवलं स्नार्क. लुईस कॅरोलच्या एका गमतीदार कवितेत सगळे ज्याच्या शोधात निघतात तो काल्पनिक प्राणी म्हणजे स्नार्क.

आता इंजिनीअर लोकांनी इथून पुढे नीट वाचा!

बोट पाण्याच्या रेषेवर ४५ फूट लांब, रुंदी १५ फूट. डोलकाठ्या दोन, पुढची मोठी आणि मागची लहान. बजेट होतं ७,००० डॉलर. झाला खर्च ३०,००० डॉलर! निघायची तारीख ठरली होती १ ऑक्टोबर १९०६. प्रत्यक्षात निघाले २३ एप्रिल १९०७ ला. सबमिशन लेट करणारे आपणच नाही हे वाचून किती बरं वाटलं काय सांगू!

पण उशिराचं कारणही तसंच होतं. बोटीच्या तळाचा लोखंडी कणा ओतायचा त्याच सुमारास, १८ एप्रिल १९०६ ला पहाटे, सॅन फ्रान्सिस्कोचा तो महाभयंकर भूकंप झाला. शहराचा बहुतेक भाग जळाला. त्यानंतर कामगार मिळेनात, लाकूड मिळेना, भाव आकाशाला भिडले. जॅकने सगळं उत्तमातलं उत्तम सामान मागवलं होतं. पैसेही तसेच मोजले. पण आलेला माल तसा होता का, हे तपासायला तो तिथे नव्हता. तो घरी बसून लिहीत होता, कारण बोटीचे पैसे त्या लिखाणातूनच येणार होते.

मग एकेक गंमत सुरू झाली. बांधून झालेली बोट दोन मोठ्या तराफ्यांच्या मधे सापडून चेपली गेली. दुरुस्तीनंतर पाण्यात सोडताना ती घसरगुंडीवरून निसटून चिखलात रुतली. तिला बाहेर ओढायला ७० हॉर्सपॉवरचं इंजिन चालू केलं, तर इंजिनाचा पायाच तुटला. नांगर ओढायचं यंत्र मोडलं. शेवटी ते इंजिन निरुपयोगी वजन म्हणून तसंच बांधून नेलं. निघायच्या आदल्या दिवसांत एका उधारीवाल्याने कोर्टातून बोटीवर जप्तीही आणली!

आणि समुद्रात गेल्यावर कळलं की बोट गळते. तळातून गळते, बाजूंनी गळते. बोटीत भिंती घालून वेगवेगळे कप्पे केले होते, एकात पाणी शिरलं तर दुसरा कोरडा राहावा म्हणून. पण पाणी या कप्प्यातून त्या कप्प्यात खुशाल फिरत होतं. पेट्रोलच्या टाक्या गळत होत्या, गाजरांवर रॉकेल सांडलं होतं, कोबी सडला होता. सगळ्यात वाईट म्हणजे वादळात बोटीचं तोंड वाऱ्याकडे करून तिला जागच्या जागी थांबवता यायला हवं, तेच स्नार्कला जमत नव्हतं.

बोटीवर एकूण सहा जण होते. जॅक, चार्मियन, तिच्या मावशीचे यजमान रॉस्को ईम्स हे कॅप्टन, हर्बर्ट स्टोल्झ नावाचा कॉलेजचा विद्यार्थी इंजिनीअर म्हणून, कॅन्सस राज्यातला मार्टिन जॉन्सन स्वयंपाकी म्हणून, आणि तोचिगी हा जपानी मुलगा. मार्टिनला स्वयंपाक फारसा येत नव्हता. स्टोल्झचं इंजिन बंद पडलेलं. आणि कॅप्टनसाहेबांना खुल्या समुद्रात बोट नेमकी कुठे आहे हे काढण्याचा सराव नव्हता! शिवाय त्यांचा एका विचित्र पंथावर विश्वास होता की पृथ्वी हा पोकळ गोळा असून आपण त्याच्या आतल्या बाजूला राहतो. अशा कॅप्टनच्या भरवशावर पॅसिफिक महासागर!

इथे मला जॅक सगळ्यात जास्त आवडला. तो चिडला, पण परत फिरला नाही. त्याने पुस्तकं आणि कोष्टकं काढली आणि स्वतःच शिकायला बसला. आज आपल्या मोबाइलमध्ये जीपीएस असतो म्हणून आपल्याला याची किंमत कळत नाही. तेव्हा दुपारी सूर्य डोक्यावर आला की सेक्स्टंट नावाच्या यंत्राने तो क्षितिजापासून किती अंशांवर आहे हे मोजायचं, त्यावरून अक्षांश काढायचे. रेखांशासाठी मात्र अचूक घड्याळ लागतं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे घड्याळ फक्त चार सेकंद चुकलं तरी विषुववृत्ताजवळ तुमची जागा एक नॉटिकल मैल, म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर चुकते. मग लॉगॅरिथमची कोष्टकं, मग आकडेमोड, आणि हे सगळं हलत्या बोटीत, ओल्या कागदावर. आपल्याला एम-वन, एम-टू एसी क्लासरूममध्येसुद्धा जड जातं!

थोडं जमल्यावर जॅकला वाटू लागलं की आपण फार मोठी जादू शिकलो. मग त्याच्या लक्षात आलं की कॅप्टन लोक हेच तर करतात, साध्या गणिताचं गूढ करून ठेवतात. म्हणून तो हे ज्ञान बोटीवर इतरांनाही शिकवायला तयार होता. मला हे वाचून आपले काही सीनिअर्स आठवले, दोन्ही प्रकारचे.

२७ दिवसांनी स्नार्क हवाईला पोहोचली. मोबाइल नाही, रेडिओ नाही, तरी पोहोचली. तिथे दुरुस्त्यांसाठी काही महिने गेले, पण ते वाया गेले नाहीत. वायकिकीच्या किनाऱ्यावर जॅक लाटांवर फळीवरून स्वार व्हायला शिकला आणि पहिल्याच दिवशी उन्हाने इतका भाजला की अंथरुणातून उठवेना. त्यावर त्याने लिहिलेल्या लेखामुळे सर्फिंग हा खेळ हवाईबाहेरच्या लोकांना माहीत व्हायला मोठी मदत झाली.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दोघं नवरा-बायको मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत जवळजवळ आठवडाभर राहिले. १९०७ साली या रोगाचं नाव काढलं तरी लोक पळायचे. हे दोघं तिथल्या लोकांबरोबर घोड्यांच्या शर्यती बघत होते, गप्पा मारत होते. परत आल्यावर जॅकने लिहिलं ते भीती घालवण्यासाठी. आपल्या जवळ पनवेलच्या नेरे गावात कुष्ठरुग्णांसाठी शांतिवन आहे. तिथे जायला आपल्याला महासागर ओलांडावा लागत नाही, तरी आपल्यापैकी किती जण गेलोय?

ऑक्टोबर १९०७ मध्ये स्नार्क हवाईहून मार्केसस बेटांकडे निघाली. वारे आणि प्रवाह उलटे असल्याने शिडाच्या बोटी या मार्गाने सहसा जातच नसत. ६० दिवस जमीन दिसली नाही! मधेच एका रात्री नळ उघडा राहून गोडं पाणी वाहून गेलं. प्रत्येकाला मोजून पाणी मिळायला लागलं. चारी बाजूंना पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही. शेवटी पाऊस आला आणि ताडपत्रीवर जमा करून टाक्या भरल्या. आपण पावसाला किती शिव्या देतो ना!

आणि या साठ दिवसांत दोघं काय करत होते? तर रोजचं काम. जॅक रोज सकाळी हजार शब्द लिहायचा, बोट कितीही हलली तरी. त्याची ‘मार्टिन ईडन’ ही प्रसिद्ध कादंबरी या प्रवासातच लिहून झाली. त्याचं लिखाण चार्मियन टाइप करायची. पण ती नुसती टायपिस्ट नव्हती. सुकाणूवर पाळी लावलेली असे, त्यात तिचीही पाळी असे, दिवसा आणि रात्रीसुद्धा. दोघं डेकवर चक्क बॉक्सिंग खेळायचे, मासे पकडायचे, मोठ्याने पुस्तकं वाचायचे. शिवाय ती रोज डायरी लिहायची. जॅकचं पुस्तक १९११ मध्ये आलं, चार्मियनचं ‘द लॉग ऑफ द स्नार्क’ १९१५ मध्ये. जॅकचं सगळ्यांना माहीत, तिचं फार थोड्यांना. पण बोटीवरचा एकेक दिवस खरा कसा गेला हे तिच्याकडूनच कळतं.

मार्केससमधल्या नुकु हिवा बेटावर एक खोरं आहे, तायपी. हर्मन मेलव्हिलच्या पुस्तकात जॅकने लहानपणी त्याचं वर्णन वाचलं होतं. धट्टीकट्टी, आनंदी माणसं, हिरवंगार खोरं. प्रत्यक्षात गेला तेव्हा खोरं हिरवंच होतं, पण माणसं जवळजवळ संपली होती. बाहेरून आलेल्या जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी गावंच्या गावं नाहीशी केली होती. उरलेले खोकत होते. ज्या स्वप्नासाठी तो आला होता ते त्याच्यासारख्या गोऱ्या पाहुण्यांनीच संपवलं होतं. हा भाग वाचताना मी थांबले.

पुढे ताहिती, बोरा बोरा, सामोआ. ताहाआ बेटावरच्या तेहेई आणि बिहाउरा या जोडप्याने यांचा इतका पाहुणचार केला की फळं, कोंबड्या, मासे यांनी बोट भरून गेली. तेहेई तर बोटीवरच राहिला खलाशी म्हणून. फिजीमध्ये नंतर आलेला कॅप्टनही गेला आणि आता जॅकच पूर्णपणे कॅप्टन झाला. फिजीहून निघून त्याने गणिताने सांगितलं होतं तिथे पुढचं बेट दिसायला हवं होतं. चुकला असता तर खडकावर आपटले असते. आणि ते बेट पहाटे दिसलं, जिथे हवं तिथेच! त्याला किती आनंद झाला असेल. आपलं स्वतःचं उत्तर बरोबर आल्याचा आनंद.

पण ही गोष्ट इथे संपत नाही. १९०८ च्या मध्यावर ते सॉलोमन बेटांवर पोहोचले आणि सगळं बिनसलं. एकेकाला मलेरिया झाला. पायांवर भरून न येणाऱ्या जखमा झाल्या. जॅक औषधांची पेटी घेऊन सगळ्यांचा डॉक्टर झाला होता. हौसेने दातही उपटायचा! जखमांवर तो पाऱ्याचं एक जहाल औषध लावायचा. आज आपल्याला माहीत आहे की पारा किती घातक असतो.

इथली आणखी एक गोष्ट लपवणं बरोबर नाही. हे दोघं ‘मिनोटा’ नावाच्या जहाजावर पाहुणे म्हणून गेले. ते जहाज मलाइता बेटावरून मळ्यांसाठी मजूर गोळा करायचं. या धंद्यात फसवणूक आणि जबरदस्ती खूप होती, म्हणून तिथले लोक चिडलेले होते आणि मिनोटाचा आधीचा कॅप्टन मारला गेला होता. जहाज खडकावर रुतलं, भोवती होड्या जमल्या, चार्मियनसुद्धा पिस्तूल बाळगून होती. जॅकने हे थरारक साहस म्हणून लिहिलं. गरिबांसाठी लिहिणारा हा समाजवादी माणूस काळ्या लोकांबद्दल मात्र कितीदा तुच्छतेने लिहितो. तो मला आवडतो, पण हे आवडत नाही.

शेवटी जॅकच्या हातांना सूज आली, कातडी थरांनी सोलायला लागली, हातात दोर धरवेना. नोव्हेंबर १९०८ मध्ये आगबोटीने सिडनीला जाऊन तो हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. ऑपरेशन झालं, पण हातांचा आजार डॉक्टरांना उलगडेना. सात वर्षांचा प्रवास दोन वर्षांच्या आत थांबवायचं ठरलं. भूकंप, तहान, मलेरिया यांत न डगमगलेल्या चार्मियनला त्या दिवशी रडू आवरलं नाही. स्नार्क सिडनीतच बांधणीच्या खर्चाच्या अगदी थोड्या किमतीला विकली गेली. जुलै १९०९ मध्ये दोघं घरी परतले.

म्हणजे प्लॅननुसार बघितलं तर सगळंच फेल! बजेट फेल, इंजिन फेल, मुदत फेल, प्रवास अर्धवट.

पण मला विचाराल तर नाही. बोट विकत घेऊन झाली नाही तेवढी ती वापरून त्यांची झाली. तिची प्रत्येक गळकी जागा त्यांना माहीत होती. सुरुवातीला दुसऱ्यांच्या भरवशावर निघालेली माणसं शेवटी स्वतः दिशा काढत होती. स्वयंपाक न येणारा मार्टिन जॉन्सन पुढे आपल्या पत्नीसह, ओसासह, बेटांवर आणि आफ्रिकेत फिरून सिनेमे काढणारा मोठा माणूस झाला.

आणि या दोघांचं काय? १९१० मध्ये त्यांची मुलगी जन्मल्यानंतर थोड्याच काळात गेली. त्याच वर्षी त्यांनी ‘रोमर’ नावाची ३० फुटी जुनी बोट घेतली. आता महासागर नाही. घराजवळच्या नद्या आणि खाड्यांमधून ते आठवडेच्या आठवडे फिरायचे. सकाळी हजार शब्द, मग शीड, मग मासे. पुन्हा तेच आयुष्य, फक्त छोट्या पाण्यात. २२ नोव्हेंबर १९१६ ला जॅक गेला. वय फक्त ४०, मूत्रपिंडं निकामी झाली होती. चार्मियन १९५५ पर्यंत जगली. तिने त्याचं चरित्र लिहिलं, त्याची पुस्तकं आणि कागद जपले.

आता आमच्या प्रोजेक्टचं. तयार मॉडेल आणायचं रद्द झालं. आम्ही आमचंच गळकं मॉडेल पूर्ण उघडलं, कुठून किती गळतं ते एका वहीत लिहून काढलं, सील बदलले. अजून शाफ्टजवळ थोडं गळतं. पण का गळतं ते आता ग्रुपमधल्या चौघांनाही सांगता येतं. व्हायवाला तेच तर विचारतात!

लायब्ररीतून स्टेशनकडे जाताना पुलावरून उल्हास दिसते. पावसाळ्यात लाल पाण्याने फुगलेली. मी हल्ली तिथे दोन मिनिटं थांबते. लोकल चुकली तर चुकली. हे पाणी समुद्रालाच चाललंय ना!